बटण दाबलं की जाळी बदलते, पण सुरकुत्या कुठे जातात?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या करिअर पुरवणीत डिजिटल स्कल्प्टिंगवरचा, म्हणजे कॉम्प्युटरवर मूर्ती घडवण्यावरचा, लेख वाचला. विषय घेतलात त्याबद्दल आधी आभार, कारण आपल्याकडे थ्रीडी म्हटलं की अजूनही लोकांना कार्टूनच आठवतं. लेख चांगला आहे, फक्त एका वाक्याला अडखळलो. मूर्ती घडवून झाली की तिची जाळी नव्याने बसवायचं काम आता सॉफ्टवेअर एका बटणावर करून देतं, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. ते अर्धं खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्यावर आमच्यासारख्यांचं पोट चालतं. मी पुण्यात एका स्टुडिओत कॅरेक्टर मॉडेलिंग करतो, नव्या मुलांचे पोर्टफोलिओ बघायचं कामही बऱ्याचदा माझ्याच टेबलावर येतं, म्हणून राहवलं नाही. पत्र लांबणार आहे, जागेप्रमाणे खुशाल कात्री लावा.

ज्यांना हा प्रकारच नवीन आहे त्यांच्यासाठी आधी थोडं. शाडूच्या मातीत काम करणाऱ्याला मातीच्या आत काय चाललंय याची फिकीर नसते, नाक कमी वाटलं तर गोळा लावला, जास्त झालं तर कोरून काढलं, माती तीच. कॉम्प्युटरमधली मूर्ती मात्र आतून पोकळ असते, नुसतं कवच, आणि ते कवच हजारो नाहीतर लाखो बारीक चौकोनांचं किंवा त्रिकोणांचं विणलेलं असतं. याला आम्ही मेश म्हणतो. नाक बाहेर ओढलं की नवीन माती येत नाही, आहेत तेच चौकोन ताणले जातात, आणि ताणलेल्या चौकोनावर नाकपुडी कोरायला गेलं तर तिथे कोरायला पुरेसे बिंदूच नसतात. यावर २०११ मध्ये झीब्रश या मूर्ती घडवायच्या सॉफ्टवेअरने डायनामेश आणलं. कंट्रोल दाबून रिकाम्या जागेत ड्रॅग केलं की अख्खी मेश मोडून सगळीकडे सारख्या आकाराच्या चौकोनांची नवी मेश तयार. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये तसाच व्हॉक्सेल रिमेश २.८१ व्हर्जनला, म्हणजे नोव्हेंबर २०१९ मध्ये आला. या सोयीने कलाकाराचा हात मोकळा झाला हे शंभर टक्के खरं, शिंगं काढा, हात चिकटवा, डोकं अर्धं कापून टाका, मेश आपली पुन्हा सारखी.

पण ही मेश आंधळी असते. डोळा कुठे, तोंड कुठे, कोपर कुठे याचा तिला पत्ता नसतो. पुतळा नुसता उभा ठेवायचा असेल तर काही बिघडत नाही. तोच चेहरा उद्या बोलणार असेल, हसणार असेल, तर चौकोनांच्या ओळी डोळ्याभोवती गोल फिरलेल्या हव्यात, ओठांभोवती गोल हव्यात, आणि नाकपुडीच्या बाजूने निघून तोंडाला वळसा घालून हनुवटीखाली जाणारी एक ओळ हवी, कारण हसताना गाल तिथेच दुमडतो. खऱ्या चेहऱ्यात डोळ्याभोवती आणि ओठांभोवती स्नायू गोलच असतात ना, तसंच. या ओळींना एज लूप म्हणतात आणि त्या नीट बसवून मेश नव्याने विणायच्या कामाला रिटोपोलॉजी, आमच्यात नुसतं रिटोपो. जाता जाता सांगतो, चौकोनी जाळी गुळगुळीत करत नेण्याची जी पद्धत आज जवळजवळ सगळी सॉफ्टवेअरं वापरतात ती एडविन कॅटमल आणि जिम क्लार्क यांनी १९७८ मध्ये मांडली, आणि चेहऱ्याच्या कुठल्या हालचालीला कुठला स्नायू जबाबदार याची एकमन आणि फ्रीसेन या मानसशास्त्रज्ञांची पद्धतही १९७८ चीच. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण आज आमच्या एका चेहऱ्यात दोन्ही एकत्र नांदतात, मला त्याची गंमत वाटते.

आता ते बटण. ते खरंच आहे, नाकारत नाही. झीब्रशमध्ये २०१३ ला झीरिमेशर आलं, २०१५ मध्ये झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठातून इन्स्टंट मेशेस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आलं, ब्लेंडरमध्ये क्वाड्रिफ्लो आहे. किती चौकोन हवेत तो आकडा टाका, बटण दाबा, थोडं थांबा, चौकोन बऱ्यापैकी वळणाच्या दिशेने बसलेले मिळतात. दगड, झाड, चिलखत, मागच्या गर्दीतला माणूस यांना एवढं पुष्कळ झालं. मुख्य पात्राला लावलंत तर दंडाभोवतीची ओळ गोल फिरून स्वतःला भेटायच्या ऐवजी स्क्रूच्या आट्यासारखी खाली खाली उतरत मनगटापर्यंत जाते, आणि मग रिगिंगवाला (पात्राला आतून हाडं-सांधे बसवून हलतं करणारा) कोपर वाकवतो तेव्हा तिथे पीळ दिसतो आणि तो तुमच्या डेस्कपाशी येऊन उभा राहतो. त्याला उपाय आहेत, आधी सिमेट्री चालू करायची, गाइड ब्रशने रेघा ओढून द्यायच्या, पॉलीग्रुप, म्हणजे चौकोनांचे गट, पाडून त्यांच्या कडा राखायला सांगायचं, नाहीतर सरळ हाताने एकेक चौकोन बसवायचा. हाताने एक डोकं करायला दिवस जातो असं कुणी म्हणालं तर हसू नका, जातो.

मात्र माझं पत्र यावर नाहीच. मेशची वीण बदलणं आज तुलनेने सोपं झालंय. वीण बदलताना मूळ मूर्तीवरचं बारीक काम नव्या मेशवर जसंच्या तसं आणणं, तिथे खरी कसोटी लागते. आणि नेमकं तेवढंच आपल्याकडे शिकवायचं राहून जातं.

एक उदाहरण देतो, नाव-गाव सांगत नाही. मुलाखतीला आलेल्या एका मुलाच्या पोर्टफोलिओत म्हाताऱ्या कोळ्याचं डोकं होतं. इतकं सुंदर की बघतच राहिलो, उन्हाने रापलेली कातडी, मानेवर आडव्या-तिडव्या घड्या, डोळ्याच्या कोपऱ्यात बारीक सुरकुत्यांचं जाळं, खालच्या ओठाला फाटलेलं साल. वायरफ्रेम, म्हणजे नुसती जाळी, दाखव म्हटलं तर गडी जरा चुळबुळला. मग फाइल उघडली. नव्या मेशवर गालाच्या मोठ्या सुरकुत्या अर्ध्या पुसलेल्या, डोळ्याच्या कोपऱ्यातलं जाळं साफ गायब, खालच्या ओठाचे काही बिंदू वरच्या ओठात घुसलेले, पापणी बुबुळाला चिकटलेली आणि कानामागे काट्यांचा पुंजका. कसं केलंस विचारलं तर म्हणाला, क्लासमध्ये सांगितलंय की आकडा वाढवायचा, पाच हजारात नाही आलं तर पन्नास हजार, त्यातही नाही आलं तर दोन लाख. दोन लाख चौकोनांचं डोकं रिगिंगला कोण घेणार? मुलाच्या हातात कला आहे, डोळा आहे, लाखाच्या घरात फी भरलीय, आणि मधला जो एक टप्पा माहीत हवा तोच कुणी सांगितला नाही. तो क्लास कुठला हे महत्त्वाचं नाही, कारण असंच डोकं घेऊन येणारा तो काही पहिला नव्हता.

तर डिटेल जातं कुठे? हिशेब सोपा आहे. समजा डोकं खऱ्या मापाचं, हनुवटीपासून टाळूपर्यंत साधारण २३ सेंटिमीटर, आणि रिमेशच्या चौकोनाचा आकार १ मिलिमीटर. त्वचेवरचं छिद्र मिलिमीटरच्या काही दशांशाएवढं. म्हणजे एका चौकोनात अख्खं छिद्र मावतं, आणि चौकोनाला तर फक्त चार कोपरे, मधला खड्डा तो दाखवणार कशाने? तो सपाट होतो. आकार निम्मा केला तर पृष्ठभागावरचे चौकोन चौपट होतात, पुन्हा निम्मा केला तर सोळापट, आणि छिद्र नीट दिसायच्या आधी मशीन बसतं. शिवाय बारीक आकाराची मेश करूनही प्रत्येक वेळी नवे बिंदू जुन्या ठिकाणी पडत नाहीत, जवळपास पडतात, त्यामुळे दर रिमेशला कडा थोडी बोथट होते. ब्लेंडरच्या रिमेशमध्ये व्हॉल्यूम राखायचा एक चेकबॉक्स आहे, तो नव्या बिंदूंना जुन्या पृष्ठभागावर नेऊन टेकवतो, उपयोग होतो, पण जिथे बिंदूच कमी तिथे टेकवून टेकवून काय टेकवणार.

म्हणून जाणते लोक एकाच मेशमध्ये सगळं कोंबत नाहीत. रिटोपो करताना मुद्दाम कमी चौकोनांची, स्वच्छ लूपची मेश घ्यायची, समजा ५ हजारांची. तिला सबडिव्हाइड करत जायचं, दर पायरीला एका चौकोनाचे चार होतात. ५ हजारांचे २० हजार, मग ८० हजार, ३ लाख २० हजार, १२ लाख ८० हजार, ५१ लाख २० हजार, २ कोटी ४ लाख ८० हजार. मूळ मूर्ती ८० लाखांची असेल तर ५१ लाखांवर थांबून चालत नाही, शेवटची पायरी लागतेच, कारण नवीन मेशच्या सगळ्यात वरच्या लेव्हलला जुन्यापेक्षा जास्त बिंदू असतील तरच जुनं सगळं उतरायला जागा आहे. हा साधा गुणाकार पोर्टफोलिओ घेऊन आलेल्या मुलांना विचारला की बरेच गप्प बसतात. फायदा असा की खालच्या लेव्हलला ५ हजारांचीच मेश राहते, रिगिंगवाला तीच घेतो, आणि कातडी वरच्या लेव्हलला सुरक्षित.

एक बारीक गोष्ट इथेच सांगून टाकतो. चौकोन सगळीकडे एकाच मापाचे नसतात, डोळ्याभोवती दाट आणि टाळूवर विरळ असतात. त्यामुळे सरासरी आकडा पुरेसा दिसला तरी मानेमागच्या मोठ्या चौकोनांत घड्यांना जागा कमी पडू शकते. डोळ्यापाशी बघून समाधान मानू नये, मान फिरवून बघावी.

आता जुन्यावरून नव्यावर उतरवणं, म्हणजे प्रोजेक्शन. झीब्रशमध्ये प्रोजेक्ट ऑल, ब्लेंडरमध्ये श्रिंकरॅप मॉडिफायर. दोघांची कल्पना एकच, नव्या मेशचा प्रत्येक बिंदू जुन्या मूर्तीकडे बघतो, सरळ रेषेत किंवा सगळ्यात जवळची जागा शोधतो आणि तिथे जाऊन बसतो. पेणला नाहीतर कुठल्याही कारखान्यात माती वाळू नये म्हणून मूर्तीवर ओलं फडकं टाकतात, ते बघितलंय का कधी? नाकावर, कपाळावर फडकं घट्ट बसतं, पण सोंड आणि पोट यांच्या मधल्या खाचेत ते आत जात नाही, वरच्यावर तंबू होतो. प्रोजेक्शनचं तंतोतंत तसंच होतं, उघड्या भागात छान आणि खाचेत गोंधळ. फरक एवढाच की फडक्याला अक्कल नसली तरी ते निदान दुसऱ्याच बोटाला जाऊन चिकटत नाही. इथे खालच्या ओठाच्या बिंदूला वरचा ओठ जवळ वाटला तर तो बिनदिक्कत तिकडे जातो. बोटं, पापण्या, कानाची पाळी, काख, ही ठरलेली भांडणाची ठिकाणं.

म्हणून कामाची रीत अशी. पहिलं म्हणजे घाई करून शेवटच्या लेव्हलला जायचं नाही. सगळ्यात खालच्या लेव्हलला एकदा प्रोजेक्ट करायचं, मग एक पायरी वर, पुन्हा प्रोजेक्ट, पुन्हा एक पायरी, पुन्हा प्रोजेक्ट. याला कारण आहे. सबडिव्हाइड करताना मेश गुळगुळीत होते आणि गुळगुळीत होताना किंचित आक्रसते, म्हणजे नवीन मेश जुन्या मूर्तीच्या आत आत सरकते. पायरीपायरीने गेलं की दर वेळी थोडंसंच अंतर भरून काढायचं असतं आणि बिंदू वाट चुकत नाहीत. एकदम वरच्या लेव्हलला जाऊन प्रोजेक्ट मारलं की लाखो बिंदूंना लांबची उडी मारावी लागते, कानामागचे ते काटे यातूनच येतात. खालच्या लेव्हलला जबड्याचा आकार, मधल्याला मोठ्या घड्या, वरच्याला छिद्रं, असं ज्याचं त्याचं काम त्या त्या पायरीवर बसतं, आणि नंतर क्लायंट म्हणाला की जबडा जरा रुंद करा (म्हणतोच), तर खाली उतरून जबडा रुंद केला तरी वरची छिद्रं शाबूत राहतात. ब्लेंडरवाल्यांनी मल्टिरेझ (लेव्हल्स सांभाळणारं साधन) आधी आणि श्रिंकरॅप त्याच्या खाली ठेवून मग श्रिंकरॅप अप्लाय करावा, तो आकार मल्टिरेझमध्येच जाऊन बसतो. क्रम उलटा केलात की मग शोधत बसा.

दुसरं, प्रोजेक्ट करताना फक्त दोनच गोष्टी दिसत्या ठेवायच्या, जुनी मूर्ती आणि नवी मेश. डोळ्याची बुबुळं, दात, दाढीचे केस, सगळं लपवायचं. झीब्रश जे दिसतंय त्या सगळ्यावर प्रोजेक्ट करतं, त्याला काय माहीत की बुबुळ वेगळं आहे. त्या कोळ्याची पापणी बुबुळाला का चिकटली याचं उत्तर एवढंच होतं, डोळ्याचा आयकॉन बंद करायचा राहिला होता! तिसरं, ओठ आणि पापण्यांच्या आतल्या कडा मास्क करून, म्हणजे हलणार नाहीत अशा झाकून, ठेवायच्या, बाहेरचं नीट बसलं की मग आतलं हाताने. अंतराची मर्यादाही कमी ठेवायची, म्हणजे बिंदू लांब भटकणार नाही. आणि प्रोजेक्ट करायच्या आधी मॉर्फ टार्गेट, म्हणजे मेशचा त्या वेळचा आकार, साठवून ठेवायचं, बिघडलेल्या जागेवर मॉर्फ ब्रश फिरवला की तेवढीच जागा आधीसारखी होते, बाकीचं तसंच राहतं. काही जण त्याऐवजी लेयर रेकॉर्ड करून त्यात प्रोजेक्ट करतात, म्हणजे स्लायडर कमी-जास्त करता येतो. मला मॉर्फ बरं पडतं, ज्याची त्याची सवय.

यात न येणारं काही नाही, हे लक्षात घ्या. दोन-तीन दिवस नीट बसून शिकवलं तर येतं. पण क्लासच्या जाहिरातीत ड्रॅगन छापता येतो, मॉर्फ टार्गेट छापता येत नाही.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय तर याच्याही आधीचा आहे, तो म्हणजे छिद्रं उशिरा काढणं. डायनामेशवर फक्त मोठे आकार करा, कवटी, गाल, जबडा, मोठ्या घड्या. तिथे थांबा. रिटोपो करा, ते मोठे आकार प्रोजेक्ट करून घ्या, ते तर सहज येतात, आणि मग स्वच्छ मेशच्या वरच्या लेव्हलला कातडीचं बारीक काम करा. जे काम अजून केलंच नाही ते हरवणार कसं? पण मुलांना धीर नसतो, पहिल्याच दिवशी छिद्रांचा अल्फा (नक्षीचा ठसाच म्हणा) घेऊन गालावर फिरवतात कारण स्क्रीनशॉट छान येतो. मी त्यांना फार दोष देत नाही, मोबाइलवर सगळ्यांनी बघायचं ते तेच असतं. तरी धंद्यात असं दरवेळी जमत नाही हेही खरं. कधी कन्सेप्ट आर्टिस्टनेच संपूर्ण तपशिलात डोकं करून पाठवलेलं असतं, कधी मेश स्कॅनची असते, कधी स्टुडिओचा नियम असतो की सगळ्या पात्रांना एकच ठरलेली मेश, कारण चेहऱ्याचे हावभाव एका पात्रावरून दुसऱ्यावर न्यायचे तर बिंदूंची संख्या आणि त्यांचा क्रम अगदी तोच लागतो, एक बिंदू इकडचा तिकडे झाला तर हसायच्या जागी चेहरा फुटतो. अशा वेळी ठरलेली मेश नव्या डोक्यावर ताणून बसवतात, त्यासाठी रॅपसारखी वेगळी सॉफ्टवेअरं आहेत, त्यात दोन्हीकडच्या खुणा जुळवायच्या, डोळ्याचा कोपरा इथे तर तिथे, नाकाचा शेंडा इथे तर तिथे, आणि मग पुन्हा तेच प्रोजेक्शन. सुटका नाही.

गेमवाल्यांचं थोडं वेगळं. त्यांना लेव्हल्स नकोच असतात, त्यांना हवी हलकी मेश आणि तिच्यावर नॉर्मल मॅप. म्हणजे बारीक काम बिंदूंमध्ये न ठेवता चित्रात ठेवायचं, ४०९६ बाय ४०९६ चा मॅप म्हणजे १ कोटी ६७ लाखांच्या वर पिक्सेल, आणि प्रत्येक पिक्सेल सांगतो की इथे प्रकाश कुठल्या बाजूला वळवायचा. बेकिंग म्हणतात त्याला. स्वस्तात मस्त, पण बाह्यरेषा बदलत नाही, बाजूने बघितलं की मस्सा सपाटच दिसतो. बाह्यरेषाही हवी असेल तर डिस्प्लेसमेंट मॅप (पृष्ठभाग खरंच वर-खाली सरकवणारा) काढायचा, आणि तो ३२ बिटचा, ८ बिटमध्ये फक्त २५६ पायऱ्या मिळतात आणि गालावर जिने दिसतात. नॉर्मल मॅपमध्ये दोन ठिकाणी हमखास फसगत होते. एक, बेक करायच्या आधी चौकोनांचे त्रिकोण करून घ्यायचे, नाहीतर बेक करणारं सॉफ्टवेअर एका कर्णाने चौकोन तोडतं आणि गेम इंजिन दुसऱ्या, मग उजेडात वेड्यावाकड्या रेघा. दोन, मॅपच्या चित्रातला हिरव्या रंगाचा चॅनल. ब्लेंडर आणि युनिटी हे गेम इंजिन एका पद्धतीने वाचतात, अनरियल हे दुसरं इंजिन बरोबर उलट्या, आणि तो उलटा राहिला तर सुरकुतीचा खड्डा उंचवटा दिसतो. रात्री डेडलाइनला हे कळत नाही, चेहऱ्यात काहीतरी विचित्र आहे एवढंच कळतं.

हे वाचून कुणी म्हणेल की आता हे सगळं कशाला, एप्रिल २०२२ मध्ये अनरियल ५ आलं, त्यात नॅनाइट आहे, कोट्यवधी त्रिकोणांची मूर्ती थेट टाका. डोंगर, भिंती, तुटके खांब यांच्यासाठी मान्य, तिथे रिटोपोचा वेळ खरंच वाचला आणि वाचावाच. चेहरा वाकवायचा म्हटलं की लूप लागतात, त्यावर नॅनाइटचा इलाज नाही. एआयचंही तेच म्हणेन. फोटोवरून थ्रीडी मॉडेल करून देणारी साधनं झपाट्याने सुधारतायत, मीही वापरतो, पार्श्वभूमीतल्या वस्तूंना छान. पण त्यातून येतो तो बऱ्याचदा त्रिकोणांचा गुंता, आणि तो नीट करायला पुन्हा हेच सगळं यावं लागतं. उलट असा गुंता जितका जास्त येईल तितकी हे काम येणाऱ्या माणसाची गरज वाढेल असं माझं मत, कुणाचं वेगळं असू शकतं.

रिटोपो सगळ्यांनाच लागतो असंही नाही, हेही सांगायला हवं. आपल्याकडे काही मूर्तिकार आता डिजिटल स्कल्प्ट करून थ्रीडी प्रिंट नाहीतर सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या कोरायच्या मशीनवर) मास्टर, म्हणजे मूळ नमुना, काढतात आणि मग साचा करतात. त्यांनी लूपच्या नादी लागू नये. प्रिंटरला एसटीएल फाइल लागते, त्यात त्रिकोणच असतात, मेश बंद असली, कुठे भोक नसलं की झालं. फाइल जड होत असेल तर डेसिमेशन करावं, म्हणजे त्रिकोण कमी करावेत. ते सगळीकडे सारखं कापत नाही, सपाट पाठीवरचे त्रिकोण आधी कमी करतं आणि दागिन्यांच्या नक्षीवरचे ठेवतं. गार्लंड आणि हेकबर्ट यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर असली बरीच साधनं चालतात. क्लासवाले अशा मूर्तिकारांनाही सरसकट झीरिमेशर शिकवतात तेव्हा वाईट वाटतं, कारण त्यात त्यांच्या मुकुटाचं बारीक काम उगाच जातं.

आणि शेवटचा मुद्दा, जो खरं तर वाचकांपैकी बऱ्याच जणांच्या जवळचा आहे. गावोगावी आता हौशी मंडळी वीरगळांचे, जुन्या मूर्तींचे चहूबाजूंनी फोटो काढून थ्रीडी मॉडेल करतायत. फार चांगलं काम आहे. वीरगळावर खालच्या चौकटीत लढाई, वर अप्सरा वीराला नेतायत, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा, चंद्र-सूर्य, आणि कुठे कुठे झिजलेली अक्षरं. फोटोंवरून झालेली मेश प्रचंड जड आणि गचाळ असते, वेबसाइटवर चढत नाही, म्हणून कुणीतरी सांगतं की रिमेश मारा. कृपा करून मूळ स्कॅनवर मारू नका! पात्राच्या गालावरचं छिद्र गेलं तर मी पुन्हा कोरतो, कुणाला कळत नाही. अक्षराची मिलिमीटरभर खोल रेघ रिमेशने बुजली आणि मूळ फाइल ठेवलेली नसली तर ती पुन्हा कोरायचा अधिकार कुणालाच नाही, अंदाजाने कोरली तर तो पुरावाच राहत नाही. मूळ स्कॅन आणि फोटो जसेच्या तसे ठेवा, त्याची नक्कल घेऊन हलकी मेश करा, तिच्यावर नॉर्मल मॅप आणि रंगाचा मॅप बेक करा आणि वेबवर ती चढवा. मोबाइलवर बघणाऱ्याला अक्षरं दिसतील आणि अभ्यासकाने मागितलं तर द्यायला मूळही असेल. तिरप्या उजेडात मॉडेल फिरवून मूळ आणि नक्कल शेजारी शेजारी ठेवून बघा, काय बुजलंय ते लगेच कळतं.

सॉफ्टवेअर महाग म्हणून शिकता येत नाही ही सबब आता फारशी चालत नाही. झीब्रश मॅक्सॉनकडे गेल्यापासून दरमहा-दरवर्षीच्या भाड्याचा मामला झालाय, विद्यार्थ्याला तो जड जातो हे कबूल. पण ब्लेंडर फुकट आहे आणि वर लिहिलेलं जवळजवळ सगळं त्यात करता येतं, थोडं हळू चालतं एवढंच.

पुरवणीच्या संपादकांना एक विनंती. पुढच्या वेळी अशा लेखासोबत चकचकीत रेंडर (मॉडेलचं तयार चित्र) छापाल तेव्हा शेजारी त्याच मॉडेलची वायरफ्रेमही छापा, छोटी का होईना. आणि ज्या पालकांना मुलांना अशा कोर्सला घालायचंय त्यांनी फी भरण्याआधी क्लासमध्ये जाऊन मागच्या बॅचच्या एखाद्या मुलाचं डोकं मूळ मेश आणि रिटोपो केलेली मेश शेजारी ठेवून दाखवा म्हणावं, तोंडाचा आणि पापणीचा भाग झूम करून. दाखवलं तर ठीक, आत्ता सर्व्हर बंद आहे म्हणाले तर चहा पिऊन निघावं.

कळावे,

आपला एक नियमित वाचक,
कॅरेक्टर मॉडेलर, पुणे